गाळलेल्या जागा

मागच्या दिवाळीत लातूरला मामाकडे गेलो होतो. मामेबहीण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला एमएससाठी बाहेर जायचंय. तिनं माझं जीआरईचं जुनं पुस्तक मागितलं. नांदेडला परत आल्यावर माळ्यावरून ते काढलं. पुस्तक म्हणजे बॅरन्सच्या जुन्या आवृत्तीची झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग केलेली, मधली काही पानं उलटी लागलेली. त्यातली साडेतीन हजार शब्दांची यादी मी २०१८ साली सात महिने वाचत होतो. समासात पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिले होते. पहिल्या तीस पानांवर समास गच्च भरलेला, 'एम'पर्यंत विरळ होत गेलेला आणि 'एस'नंतर कोरा.

पुस्तक बहिणीला पाठवण्याआधी मी ते पुन्हा वाचलं. या वेळी परीक्षा नव्हती, त्यामुळे पुस्तक म्हणून वाचता आलं. वाचताना वाटलं, आपल्याकडे कवितासंग्रहाच्या तीनशे प्रती खपल्या तरी त्याचं परीक्षण येतं. आणि ज्या पुस्तकांवर आमच्या दोन जिल्ह्यांतली पोरं आपल्या वयाची सतरा ते तेवीस ही वर्षं काढतात, त्यांच्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही. लातूरच्या ट्युशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगरमध्ये संध्याकाळी सात वाजता उभं राहिलं, तर खरा वाचकवर्ग दिसतो. तो पाठीवर सॅक अडकवून चालतच वाचत असतो. त्यांच्या पुस्तकांपैकी एकाची ही समीक्षा.

यादी

आधी यादीबद्दल. शब्द इंग्रजी वर्णानुक्रमानं लावलेले आहेत. हा क्रम शब्दकोशासाठी सोयीचा आहे, कारण कोशात माणूस शब्द शोधायला जातो. पण पाठांतरासाठी त्याच्याइतका वाईट क्रम नसेल. दिसायला सारखे आणि अर्थानं दूरचे शब्द शेजारी येतात. 'अबेस', 'अबॅश', 'अबेट' हे तिघे पहिल्याच पानावर भेटतात आणि शेवटपर्यंत एकमेकांत मिसळलेले राहतात. जीआरईचा अभ्यास अर्धवट सोडलेला माणूस ओळखायची सोपी खूण आहे. त्याला 'ए'पासून सुरू होणारे अवघड शब्द इंग्लंडच्या राणीपेक्षा जास्त येतात आणि 'टी'पासूनचा एकही येत नाही.

याच्या शेजारी नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड इझी' ठेवून बघा. १९४९चं हे पुस्तक आजही नांदेडच्या रेल्वे स्टेशनबाहेर मिळतं. लुईस शब्द धातूंवरून लावतो. एक ग्रीक किंवा लॅटिन धातू घ्यायचा आणि त्याचं सगळं कुटुंब समोर आणायचं. संस्कृतचे धातू आणि प्रत्यय शाळेत रडतखडत का होईना शिकलेल्या मराठी पोराला ही पद्धत घरची वाटते. 'अग्नॉस्टिक'मधला 'ग्नो' हा आपल्या 'ज्ञा' धातूचा सख्खा भाऊ आहे आणि आधीचा 'अ' नकाराचा आहे. म्हणजे घडणीनं तो शब्द 'अज्ञ'च्या जवळचा. 'मॅग्नॅनिमस' हा शब्द पाठ होत नव्हता. मग कळलं की 'मॅग्नस' म्हणजे महान आणि 'अ‍ॅनिमस' म्हणजे मन, आत्मा. तो सरळ 'महात्मा' किंवा 'महामना' आहे. त्यानंतर तो पाठ करावा लागला नाही. लुईसचा वाचक शब्द ओळखायला शिकतो, यादीचा वाचक शब्द मोजायला शिकतो. मी वहीत रोज लिहायचो: आज ४०, एकूण १,२६०.

तरी मी यादीच निवडली, कारण यादी संपते असं वाटतं. लातूर पॅटर्ननं आम्हाला हेच दिलं होतं. नव्वदच्या दशकात बारावी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं दिसायला लागली, त्यामागे चमत्कार नव्हता. अभ्यासक्रमाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पुन्हापुन्हा परीक्षा घ्यायची, पेपर तपासून लगेच परत द्यायचा, चूक झाली तिथे पुन्हा बसवायचं. ज्याच्या घरात कोणी शिकलेलं नाही, त्यालाही कष्टानं गाठता येईल इतकं ज्ञान सपाट करायचं. मी अकरावी-बारावी लातूरलाच केली. घोकंपट्टी म्हणून या पद्धतीला पुण्यात हसतात, तेव्हा मला राग येतो. आमच्या वर्गात ऊसतोड कामगाराचा मुलगा होता, तो आज डॉक्टर आहे. सपाट केलेल्या रस्त्यावरून तो चालत गेला. भाषा मात्र अशी सपाट होत नाही. ते मला पुढे कळलं.

माहितीचेच शब्द

परीक्षेत मला अनोळखी शब्दांनी जेवढं पाडलं नाही, तेवढं ओळखीच्या शब्दांनी पाडलं.

'पार्सिमोनियस' हा यादीतला लाडका शब्द. समासात मी लिहिलं होतं: 'बखील, चिक्कू'. सराव परीक्षेत वाक्य आलं ते एका वैज्ञानिक सिद्धांताबद्दल, सिद्धांत पार्सिमोनियस असल्यामुळे मान्य झाला अशा आशयाचं. सिद्धांत चिक्कू कसा असेल, म्हणून मी दुसरा पर्याय निवडला. विज्ञानात या शब्दाचा अर्थ कमीत कमी गृहीतकांत जास्तीत जास्त समजावणारा असा होतो. म्हणजे तिथे ती स्तुती आहे. यादीनं शब्द दिला, अर्थही दिला, पण तो शब्द कोणाच्या तोंडी शिवी असतो आणि कोणाच्या तोंडी शाबासकी, हे दिलं नाही.

'क्वालिफाय' हा शब्द तर लातूरात दुधवाल्यालाही माहीत आहे. नीट क्वालिफाय झाली का, सीईटी क्वालिफाय झाली का. जीआरईच्या उताऱ्यात लेखक एखाद्या मताला 'क्वालिफाय' करतो, म्हणजे त्याला अटी घालतो, त्याची धार कमी करतो. 'क्वालिफाइड' स्तुती म्हणजे हातचं राखून केलेली स्तुती. मी ती पात्र ठरलेली स्तुती समजलो. 'सँक्शन'चंही तेच. आमच्याकडे कर्ज सँक्शन होतं, विहीर सँक्शन होते. उताऱ्यात देशांवर सँक्शन लागतात. एकाच शब्दाचे मंजुरी आणि दंड असे दोन उलटे अर्थ. आणि 'प्रेसिपिटेट'! रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला परीक्षानळीत पांढरा साका बसायचा, तो प्रेसिपिटेट. लातूरात दोन वर्षांत तो शब्द मी हजार वेळा लिहिला असेल. जीआरईत 'प्रेसिपिटेट' निर्णय म्हणजे उतावळा निर्णय. तळाशी शांत बसलेला साका आणि उतावळेपणा, यांचा संबंध मला त्या नव्वद सेकंदांत लागला नाही.

हे सगळे शब्द आपण मराठीत कधीच घेऊन टाकलेत. घेताना एकेक अर्थ घेतला, आपल्याला लागणारा. ते आपलं काही चुकलं असं नाही, भाषा अशाच उसनवारी करतात. पण परीक्षा नेमकी मागे राहिलेल्या अर्थांची असते आणि यादी अनोळखी शब्दांची. दोघांची गाठ पडत नाही. जो पोरगा इंग्रजी कादंबऱ्या वाचत वाढला, त्याला हे दुसरे अर्थ कोणी शिकवलेले नसतात, ते त्याच्याकडे आपोआप आलेले असतात. म्हणून त्याला परीक्षा सोपी वाटते आणि तो प्रामाणिकपणे सांगतो की मी काही अभ्यास केला नाही.

आईची परीक्षा

आता प्रश्नांच्या वाक्यांबद्दल. जीआरईत व्याकरणाचा थेट प्रश्न नसतो. विभागाचं नावच 'व्हर्बल रीझनिंग', भाषेतून तर्क. वाक्यात एक ते तीन जागा गाळलेल्या असतात. दोन-तीन जागा असतील तर सगळ्या बरोबर आल्याशिवाय गुण नाही. दुसऱ्या प्रकारात सहा पर्यायांतून दोन निवडायचे, दोन्हींनी वाक्याचा अर्थ एकच झाला पाहिजे.

ही वाक्यं शंभरेक वाचली की त्यांचं एक जग तयार होतं. त्यात एक इतिहासकार असतो, त्याच्या सिद्धांतावर आधी टीका होते, मग तो खरा ठरतो. एक चित्रकार असतो, जिवंतपणी दुर्लक्षित. एक राजकारणी असतो, बोलतो मवाळ आणि वागतो कठोर. कोणाला भूक लागत नाही, कोणाचं लग्न होत नाही, पाऊस पडत नाही. प्रत्येक वाक्यात एक वळण असतं: 'जरी', 'तरी', 'उलट', 'इतकंच नव्हे तर'. सगळी गंमत त्या वळणात असते. खरं सांगायचं तर ही वाक्यं मला आवडायला लागली होती. सैल बोलणाऱ्या जगात कोणीतरी इतकं घट्ट बांधलेलं वाक्य लिहितं, याचं अप्रूप होतं. पुढे नोकरीत दुसऱ्याचा कोड वाचताना मला तीच सवय कामी आली: अट कुठे आहे, अट उलटी कुठे होते.

परीक्षेनंतर एकदा मी गंमत म्हणून तसली पाच वाक्यं मराठीत तयार केली आणि आईला घातली. आई दहावीपर्यंत शिकलेली. एक असं होतं: 'सरपंच एरवी ______ म्हणून ओळखला जाई, म्हणून ग्रामसभेतलं त्याचं तासभराचं भाषण ऐकून सगळे चकित झाले.' पर्याय होते घुम्या, उधळ्या, भोचक, तापट आणि चिकट. आईनं भाकरी थापताना मान वर न करता सांगितलं, "घुम्या. बोलतच नव्हता म्हणून तर नवल वाटलं की लोकायला." पाचांपैकी चार तिनं बरोबर सांगितली. पाचव्यात तिनं निवडलेला पर्याय का बरोबर आहे, हे तिनं मला पटवूनही दिलं. चूक माझ्याच वाक्यात होती.

'घुम्या'च्या जागी 'टॅसिटर्न' ठेवलं की हाच प्रश्न वीस-बावीस वर्षांच्या इंजिनिअरला घाम फोडतो. मग ही परीक्षा तर्काची म्हणायची की शब्दांची? परीक्षेची बाजू घ्यायची तर म्हणता येईल की शिकायचं इंग्रजीत आहे, तेव्हा इंग्रजी शब्द यायला हवेत. हे मला मान्य आहे. मग तिला इंग्रजीची परीक्षा म्हणा. माझे व्हर्बलमध्ये १७० पैकी १४७ आले, म्हणजे परीक्षा देणारे दोन तृतीयांश लोक माझ्या पुढे. गणितात १६६. त्या १४७ला 'इंग्रजी कच्चं' म्हटलं असतं, तर मी खांदे उडवले असते. त्याला 'तर्कशक्ती' म्हटलं होतं, म्हणून हैदराबादच्या सेंटरमधून बाहेर पडल्यावर परतीच्या देवगिरी एक्स्प्रेसमध्ये मी नांदेड येईपर्यंत कोणाशी बोललो नाही. घुम्या झालो.

मोजपट्टीचा इतिहास

भाषेच्या परीक्षेला बुद्धीची परीक्षा म्हणायची सवय जुनी आहे. अमेरिकेत कॉलेज प्रवेशाची एसएटी परीक्षा १९२६ साली सुरू झाली, ती कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञानं तयार केली. त्यानं १९२३मध्ये अमेरिकन लोकांच्या बुद्धिमत्तेवर पुस्तक लिहून वंशावंशांची उतरंड लावली होती. १९३०मध्ये त्यानं स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. इंग्रजी न येणाऱ्या स्थलांतरितांची बुद्धी इंग्रजी परीक्षेतून मोजता येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. परीक्षा मात्र मागे घेतली गेली नाही. जीआरईची सुरुवात १९३६च्या प्रयोगातून झाली आणि १९४७मध्ये स्थापन झालेल्या ईटीएस या संस्थेकडे या परीक्षा आल्या.

एसएटीतला एक प्रश्न बदनाम आहे. धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं, ते कोणाचं कशाशी? उत्तर: वल्हेकऱ्याचं रेगाटाशी, म्हणजे होड्यांच्या शर्यतीशी. ज्यांच्या गावात नदीकाठी क्लब असतात, त्यांना तो सोपा. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मामाच्या गल्लीत टँकरभोवती घागरींची रांग लागायची. आमची पाण्यावरची शर्यत तीच. असे नातेसंबंधांचे प्रश्न एसएटीनं २००५मध्ये आणि जीआरईनं २०११मध्ये काढून टाकले. त्याच वेळी जीआरईनं विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्नही काढले. म्हणजे मी २०१८मध्ये ज्या यादीवर सात महिने घालवले, ती बऱ्याच अंशी सात वर्षांपूर्वी बदललेल्या परीक्षेची तयारी होती. झेरॉक्सच्या दुकानात कोणी आवृत्ती बघत नाही.

व्याकरणाचंही तसंच. टोफेलनं २००५मध्ये इंटरनेटवर येताना व्याकरणाचा स्वतंत्र विभाग सोडला. जीमॅटनं २०२३च्या नव्या रूपात वाक्यदुरुस्तीचे प्रश्न काढले. तिकडे हे सगळं गळत चाललंय आणि आमच्या स्पर्धा परीक्षांचे क्लासेस अजून रेन अँड मार्टिनवर चालतात. त्यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी करायचा आणि परदेशी फौजेतल्या साहसांच्या कादंबऱ्या लिहायचा. त्याची 'बो जेस्ट' ही कादंबरी १९२४ची. साहसं तिकडे राहिली आणि आम्हाला 'सिन्स' आणि 'फॉर'मधला फरक मिळाला.

दरवाज्याची भाषा

मराठवाड्याला दरवाज्यावरची भाषा बदलण्याची सवय आहे. निजामाच्या राज्यात १८८४पर्यंत दरबारी भाषा फारसी होती, नंतर उर्दू झाली. १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. माझे पणजोबा उर्दू वाचायचे, कारण तलाठ्याचा कागद उर्दूत असायचा. १९४८नंतर ती विद्या एका पिढीत निरुपयोगी झाली. २०२३मध्ये शिंदे समितीला निजामकालीन नोंदी तपासायच्या होत्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. दरवाज्याची भाषा एवढीच टिकते.

पण परक्या भाषेशी दुसऱ्या तऱ्हेचं नातंही याच मातीत झालेलं आहे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य मराठीत समजावून सांगितलं. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातले म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांची चर्चा त्यांनी इकडच्या दलित लेखकांपर्यंत आणली. या माणसांनीही इंग्रजी शब्दांचे अर्थ कोशात शोधले असतील. पण शोधायचं कारण वेगळं होतं. तिकडे आपल्यासारखं कोणीतरी काहीतरी सांगतंय, ते त्यांना ऐकायचं होतं. ज्या महाविद्यालयाच्या नावाशी लातूर पॅटर्न जोडला जातो, तिथलाच प्राचार्य असं वाचत होता, हे मला बारावी होऊन दहा वर्षांनी कळलं. आमच्या वेळापत्रकात ते बसणारं नव्हतं.

बहिणीचा फोन

पुस्तक कुरिअर करणार होतो, त्याच्या आदल्या दिवशी बहिणीचा फोन आला.

"दादा, राहू दे पुस्तक. मी निवडलेल्या चारपैकी तीन युनिव्हर्सिट्यांना आता जीआरई लागतच नाही म्हणतेत."

खरंच आहे. २०२०नंतर अमेरिकेतल्या अनेक विभागांनी जीआरईची अट काढली किंवा ऐच्छिक केली. परीक्षाही आखडली. सप्टेंबर २०२३पासून ती पावणेचार तासांवरून दोन तासांच्या आत आली. मी इतकं सगळं या परीक्षेविरुद्ध लिहिलंय, तर मला आनंद व्हायला हवा होता.

"मग काय लागतं?" मी विचारलं.

"एसओपी. मला हे का शिकायचंय ते दोन पानांत लिहायचं. आणि तीन शिफारसपत्रं."

मी गप्प झालो. गाळलेल्या जागेला निदान पाच पर्याय होते आणि त्यातला एक बरोबर होता. तो बरोबर आला की लातूरचा पोरगा आणि लंडनचा पोरगा यांना सारखाच गुण मिळायचा. दोन कोऱ्या पानांना पर्याय नसतात. लहानपणी पाहिलेलं कोणतं दृश्य सांगायचं, स्वतःबद्दल किती बोललं की आत्मविश्वास आणि किती बोललं की आगाऊपणा, हे कोणत्याही यादीत नाही. पुण्या-मुंबईत लाखभर रुपये घेऊन ते लिहून देणारे सल्लागार आहेत. आमच्या घरांत मुलाला शिकवलेलं असतं की स्वतःचं कौतुक स्वतः करू नये. त्या शिकवणीचे इथे गुण कापले जातात. परीक्षा अन्यायाची होती, पण तो अन्याय छापील होता, झेरॉक्स करून घरी आणता येत होता. नव्या अन्यायाची झेरॉक्स निघत नाही.

म्हणून परीक्षा गेल्याचा जल्लोष करणाऱ्यांत मी नाही. आणि ती परत आणा असंही म्हणणार नाही, कारण १४७चा तो आकडा मला अजून आठवतो. माझं म्हणणं छोटं आहे: तर्क मोजायचा असेल तर माणसाच्या भाषेत मोजा, इंग्रजी मोजायचं असेल तर त्याला इंग्रजी म्हणा, आणि माणूस समजून घ्यायचा असेल तर फक्त ज्याला स्वतःला विकता येतं त्याचीच गोष्ट ऐकू नका.

बहिणीनं पहिला खर्डा पाठवला. पहिल्याच ओळीत तिनं लिहिलं होतं की तिला लहानपणापासून तंत्रज्ञानाची 'पॅशन' आहे. मी फोन करून विचारलं, खरं काय आहे? तिनं थोडा वेळ घेतला. मग म्हणाली, २०१६मध्ये पाण्याचा टँकर कधी येणार हे कोणालाच माहीत नसायचं, सगळ्या बाया दिवसभर अडकून पडायच्या, तेव्हा तिनं वहीत पंधरा दिवसांच्या वेळा लिहून अंदाज काढला होता आणि तो बऱ्याचदा बरोबर यायचा.

"हे लिही," मी म्हणालो.

"हे काय लिहायचं? याला इंग्रजी तरी काय म्हणणार?"

"आधी मराठीत लिही."

रात्री तिनं मराठीत दीड पान पाठवलं. एकही अवघड शब्द नाही. आम्ही दोघं आता त्याचं इंग्रजी करतोय, शब्दाला शब्द शोधत. झेरॉक्सचं पुस्तक टेबलावरच आहे. अजून तरी त्यातला एकही शब्द लागलेला नाही.